तोंडावरचा हात

हॅना शॉरॉकला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने जेमतेम, पण थॉर्नक्लफ गावातली एकही गोष्ट तिच्यापासून लपून राहत नसे. बाराव्या वर्षी ती गिरणीच्या साचेखात्यात लागली. एका छपराखाली चारशे माग धडधडायला लागले की कान असून नसल्यासारखेच. म्हणून तिथल्या विणकर बायका आवाजाशिवाय बोलत. ओठ, जीभ आणि दात यांनी प्रत्येक शब्द तोंडावर नीट मांडायचा आणि समोरचीने तो डोळ्यांनी उचलायचा. या बोलण्याला त्या 'मीमॉ' म्हणत. चार मागांपलीकडची बाई काल नवऱ्याशी कशावरून भांडली, ते हॅनाला तुटलेला धागा जोडता जोडता कळायचं.

हे गिरणीपुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण भोंगा झाला म्हणून हॅनाचे डोळे थोडेच बंद होणार? बसच्या खिडकीतून ती फुटपाथवरची भांडणं वाचायची. चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असताना समोरच्या सज्ज्यातले लोक देवाला काय सांगतात आणि शेजाऱ्याला काय सांगतात, हे दोन्ही तिला ठाऊक असायचं. स्टेशनात गाडी थांबली की काचेमागचे परके लोक तर तिला मेजवानीच वाटत.

"बाई, त्यांची तुझी ओळख तरी आहे का?" तिचा नवरा सेथ विचारायचा.

"नाही ना, म्हणूनच तर," हॅना म्हणायची.

त्यामुळे एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल तिला वर्तमानपत्राच्या आधी लोकांच्या तोंडावरच कळत गेलं. एक जानेवारीला रेल्वे सरकारची झाली, तेव्हा ती पुलावरून जात होती. खाली इंजिनात कोळसा घालणारा क्लिफर्ड पोलार्ड, म्हणजे तिच्या मुलीचा, ऑड्रीचा, ठरलेला नवरा, ड्रायव्हरला म्हणत होता, "मालक बदलला म्हणतात. फावडं तेच दिसतंय." फेब्रुवारीत डॉक्टर लोकांनी सरकारच्या नव्या योजनेविरुद्ध मतं दिली. त्याच्या आदल्या आठवड्यात गावातला म्हातारा डॉक्टर आपल्या दारात उभा राहून तरुण डॉक्टरला "आपण काय सरकारचे घरगडी?" असं विचारताना हॅनाने रस्त्यापलीकडून पाहिलं होतं. मग घराघरांत पत्रक आलं. पाच जुलैपासून डॉक्टर फुकट, चष्मा फुकट, दात फुकट.

शेवटचे दोन शब्द वाचून हॅना चक्क खुर्चीत बसली.

तिच्या लहानपणी तिच्या आईचा जबडा सुजला होता. आठ दिवस ती बाई लवंगेचं तेल लावून माग चालवत राहिली आणि नवव्या दिवशी गेली. हॅना तेव्हा नऊ वर्षांची होती. म्हणून ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला वाढदिवसाची भेट दिली ती सगळे दात काढून टाकण्याची. वर आणि खाली, चांगले आणि किडके, सगळेच. पुढे लग्नात लाल रबराच्या हिरड्यांची कवळी. त्या गावात कुणाला यात नवल वाटलं नाही. मुलीला असं उजवायचं की नवऱ्याच्या माथी तिच्या दातांचा खर्च पडू नये आणि तिलाही आयुष्यभर दुखणं नको. कवळी टोचायची, सफरचंद कापून खावं लागायचं, पण हॅनाला पुन्हा कधी दाढदुखी झाली नाही. आपल्या बापाने आपल्यावर केलेली सर्वांत मोठी माया म्हणून ती त्याकडे पाहत असे.

आणि आता ऑड्रीला ऑगस्टमध्ये एकवीस वर्षं पुरी होणार होती, नोव्हेंबरमध्ये लग्न होतं, आणि सरकारच म्हणत होतं की या!

ऑड्रीच्या दातांना काहीतरी झालंय, याबद्दल हॅनाला शंकाच नव्हती. पोरगी सहकारी दुकानात रेशनच्या काउंटरवर होती, गिरणीत नव्हती, पण तिला एक खोड होती. बोलताना तोंडावर हात धरायची. शाळेत असल्यापासूनची सवय. बसथांब्यावर क्लिफर्डशी बोलतानासुद्धा उजवा पंजा ओठांपुढे. हॅना समोरच्या खिडकीच्या पडद्याआडून डोळे फाडफाडून बघायची आणि तिला दिसायच्या त्या चार बोटं आणि एक अंगठी. सगळ्या गावाची तोंडं वाचणाऱ्या बाईला घरातलंच एक तोंड वाचता येत नव्हतं. ही गोष्ट तिला फार खुपायची. लाज वाटते बिचारीला दातांची, असा तिने अर्थ लावला होता, आणि एकदा अर्थ लावला की हॅना तो बदलत नसे.

रविवारच्या चहाला तिने विषय काढला.

"दातवाल्या मिस्टर क्रॅबट्रींकडे नाव घातलंय तुझं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. सगळे काढायचे."

ऑड्रीचा कप हातातच राहिला. "सगळे?"

"अगं, फुकट आहेत! अर्धा जबडा ठेवून काय लोणचं घालायचंय? लग्नापर्यंत हिरड्या वाळतात. नवे दात घालून उभी राहशील. कसे एका ओळीत, मोत्यासारखे."

"एवढ्यांदा फुकट म्हणतेस की मला वाटतं माझं डोकंही काढून घेशील," सेथ म्हणाला. त्याने पावावर मार्गारीन जरा जास्तच पातळ फासलं. "तोंड तिचं आहे, हॅना."

"तिचंच आहे. आणि आई माझीही होती."

सेथने पाव उचलून तोंडात घातला. त्या आठ दिवसांची गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली होती की तो तिला मध्ये कधी आडवा गेला नव्हता. ऑड्रीने तोंडावर हात धरला आणि त्यामागून ती काहीतरी बोलली. हॅनाच्या उजव्या कानाला फक्त "बघू" एवढं आलं.

जुलै आला आणि गावाला दात काढायची हौसच आली. मिस्टर क्रॅबट्रींच्या दारातली रांग चावडीसारख्या गप्पा मारत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायची. हॅनाच्या समोरचे माग चालवणारी तिची जुनी मैत्रीण फ्लॉरी ग्रिमशॉ पहिल्याच आठवड्यात मोकळी होऊन आली. कवळी मिळायला चार महिने. तोवर फ्लॉरी तोंडाचा बटवा करून मीमॉ करायची आणि हॅनाला तिचं बोलणं उचलताना घाम फुटायचा.

त्या महिन्याच्या चौथ्या शुक्रवारी फ्लॉरीने मागावरून मान वर केली. डोळे चमकत होते. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाप सुटला."

हॅनाचे हात थांबले. फ्लॉरीचा बाप ब्याऐंशीचा, दोन वर्षं अंथरुणावर.

"केव्हा?"

"आत्ताच कळलं. एकदाचा सुटला!" फ्लॉरी अगदी खुशीत दिसत होती. पण हॅना मनाशी म्हणाली, हिरड्यांनी माणूस कसंही दिसतं, आणि दोन वर्षं केलंय बिचारीने, सुटल्यासारखं वाटणारच. तिने शेजारच्या ओळीला सांगितलं. शेजारच्या ओळीने पुढच्या. भोंगा व्हायच्या आत साचेखात्याच्या त्या टोकापर्यंत बातमी पोचली आणि फ्लॉरीला कळेना, आज बायका येताजाता आपल्या दंडाला हात का लावतात.

शनिवारी दुपारी हॅना आणि आणखी दोघीजणी काळे कोट घालून, लिलीच्या फुलांचं चक्र घेऊन फ्लॉरीच्या दारात उभ्या राहिल्या. दार फ्लॉरीने उघडलं. आत खिडकीपाशी पलंगावर म्हातारा टेकून बसला होता. हातात पावाची ही एवढी जाड फोड, वर चरबी फासलेली.

"कुणाच्या मयताला निघालात?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिघींनी एकदम हातातल्या चक्राकडे पाहिलं. मग फ्लॉरीच्या ध्यानात आलं आणि ती दारातच मटकन बसून हसायला लागली. "बाप नाही गं, पाप! पाप सुटला! रेशनमधून!"

"पाव म्हणतेय ती," म्हातारा म्हणाला. "कालपासून घरात हेच चाललंय. मलाही आधी वाटलं, कुठलं पाप केलं मी." पाव लढाईत कधी रेशनवर नव्हता. लढाई संपल्यावर गेला, आणि दोन वर्षांनी आता सुटला होता. गावभर लोक कूपनाशिवाय पाव घेऊन मिरवत होते. म्हाताऱ्याने चक्राकडे बोट केलं. "ते ठेवून जा इथेच. फार दिवस वाट बघावी लागणार नाही. पाण्यात ठेव गं, फ्लॉरी."

हॅना घरी आली ती लाजेने कानापर्यंत लाल होऊन. तीस-बत्तीस वर्षांत तिने शब्द चुकीचा उचलला नव्हता. चुकलं कुठे, ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नाही असं बघून ती न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहिली, कवळी काढून ग्लासात ठेवली आणि तोंडाने बोलली. पाव. बाप. पाव. बाप. दोन्ही सारखेच. मग कवळी घातली आणि पुन्हा बोलली. वरचे दात खालच्या ओठाला हळूच टेकले आणि 'व' उमटला. एवढंच होतं. दातांशिवाय व नाही.

 आरशातल्या बाईकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. नवे दात आले की फ्लॉरीचाही व परत येईल, ऑड्रीचाही येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मिस्टर क्रॅबट्रींकडची तारीख आठवली की ती पुन्हा आरशापुढे जाऊन 'व' म्हणून बघायची. का, ते तिला समजेना. आणि न समजणं हे हॅनाला दाढदुखीपेक्षा जास्त सतावायचं.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी मायलेकी निघाल्या. ऑड्रीने धुतलेला रुमाल आणि जुना स्कार्फ बरोबर घेतला होता, परत येताना तोंडाला गुंडाळायला. 

मिस्टर क्रॅबट्रींचा दवाखाना त्यांच्या राहत्या घरातच होता. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत खुर्ची, आणि मध्ये काचेचं दार. मूळची धुरकट काच लढाईत बॉम्ब पडला त्या वर्षी तडकली. तशी दुसरी मिळेना, म्हणून साधी बसवून आतून अर्ध्यावर पडदा लावला होता. बाकावर बसलेल्याला पडद्यामुळे काही दिसायचं नाही. पण हॅना काही बसणारी बाई नव्हती. ती उभी राहिली, टाचा उचलल्या, आणि पडद्यावरून तिला सगळं दिसायला लागलं.

ऑड्री खुर्चीत होती. नर्सने तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून वर थोपटलं, धरून ठेव म्हणून. मिस्टर क्रॅबट्रींची पाठ दाराकडे होती. ते काय विचारतात ते कळायला मार्ग नव्हता. पण ऑड्रीचं तोंड मोकळं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पोरगी कुणाशी तरी बोलत होती आणि मध्ये हात नव्हता. हॅनाचे डोळे भुकेल्यासारखे तिथे जाऊन चिकटले.

"नाही," ऑड्री म्हणत होती. "नाही दुखत."

क्रॅबट्रींनी काहीतरी विचारलं.

"कधीच नाही."

पुन्हा काहीतरी. त्यांनी आरसा आत घालून वर बघितलं, खाली बघितलं, खांदे उडवले.

"हो, सगळे. आईला वाटतं म्हणून."

क्रॅबट्री वळून गुंगीच्या गॅसच्या नळकांड्याकडे गेले. बाहेर अकरा माणसं होती आणि त्यांना वाद घालायला वेळ नव्हता. त्या दिवसांत चांगले दात काढून मागणाऱ्या पोरी त्यांना रोज भेटत. नर्सने रबरी मुखवटा उचलला. तेवढ्यात ऑड्रीने मान वळवली आणि पडद्याच्या वर तिला आईचे डोळे दिसले.

तिचा उजवा हात सवयीने उचलला गेला. ओठांपर्यंत आला. मग थांबला, आणि तिने तो परत खुर्चीवर ठेवला.

आणि ऑड्री मीमॉ बोलली. जी पोरगी कधी साचेखात्यात गेली नव्हती, ती चार मागांपलीकडच्या बाईला दिसावं असं, एकेक अक्षर तोंडावर मांडून, आवाज न करता बोलली.

"आई. मला. ठेवायचेत."

त्यातला तो व! वरच्या दातांची पांढरी ओळ खालच्या ओठावर टेकली आणि सुटली. हॅनाने आयुष्यात लाखो शब्द पाहिले होते, पण इतका स्वच्छ तिने कधी पाहिला नव्हता. कुठेही कीड नाही. एकही डाग नाही.

हॅनाने दार ढकललं.

"बाजूला ठेव तो मुखवटा," ती नर्सला म्हणाली. नको तेवढ्या मोठ्याने म्हणाली, कारण कमी ऐकू येणाऱ्याला आपला आवाज कळत नाही. "ऊठ, ऑड्री. चल घरी."

"मिसेस शॉरॉक, नाव घातलंय, कागद भरलाय..." क्रॅबट्री म्हणाले.

"मग पुसा. पोरीचे दात चांगले आहेत. तुम्हाला दिसलं नाही?"

"मला पहिल्याच मिनिटाला दिसलं," मिस्टर क्रॅबट्री थकलेल्या आवाजात म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही. पुढचे या."

बाहेर आल्यावर दोघी कालव्याच्या कडेने चालायला लागल्या. स्कार्फ ऑड्रीच्या हातात तसाच घडी केलेला होता.

"मीमॉ कुणी शिकवलं तुला?" हॅनाने विचारलं. एवढं सगळं होऊनही पहिला प्रश्न तिचा हाच.

"शिकवायला कशाला हवं? पाळण्यात होते तेव्हापासून बघतेय तुझं आणि फ्लॉरीमावशीचं. सगळं कळतं मला. बाबांबद्दल बोलता तेसुद्धा."

हॅना जरा खाकरली. "मग तोंडावर हात का धरतेस? मी समजले दातांची लाज वाटते."

ऑड्री थांबली. मग ती हसली, पण ते हसणं फार बरं नव्हतं. "दातांची कुठली लाज, आई! तुझ्यामुळे धरते. शाळेत मैत्रिणीला कोपऱ्यावर काय सांगितलं ते तू जेवताना मला विचारायचीस. क्लिफर्डने पहिल्यांदा काय म्हटलं ते मी घरी पोचायच्या आत तुला ठाऊक. माझं असं एक वाक्य नव्हतं गं मला. म्हणून हात."

"मग मला सांगायचंस."

"काय सांगणार? बघू नकोस म्हणून? तू बघितल्याशिवाय राहशील?"

 हॅनाला फार वाईट वाटलं, इतकं की पाण्यात तरंगणाऱ्या कोळशाच्या बोटीवर दोन माणसं हातवारे करून काहीतरी बोलत होती, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही. आपण पोरीला तोंड झाकायला लावलं आणि मग झाकलंय म्हणून आतलं सगळं उपटायला निघालो, हे तिला घरी पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. घरी सेथने दोघींकडे बघितलं, ऑड्रीच्या तोंडाकडे बघितलं, आणि सफरचंद पुढे केलं. ऑड्रीने ते सालासकट कडाकडा खाल्लं.

लग्न झालं तेरा नोव्हेंबरला, शनिवारी. कपड्यांची कूपनं कायदा मोडून चार घरांतून जमवून झगा शिवला होता, आणि ही गोष्ट पोलिसाच्या बायकोलाही माहीत होती कारण दोन कूपनं तिचीच होती. चॅपेलच्या पायऱ्यांवर पाहुणे नवरानवरीपेक्षा राजकन्येच्या बाळंतपणाची चर्चा जास्त करत होते. आज होईल, उद्या होईल, मुलगा, मुलगी. फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं, एक फोटो काढला, आणि दुसऱ्यासाठी यंत्राशी खटपट करू लागला.

हॅना ओळीतून बाहेर येऊन फोटोवाल्याच्या शेजारी उभी होती. समोर, दहा पावलांवर, उजेड नवरीच्या चेहऱ्यावर. याहून चांगली जागा मिळाली नसती. ऑड्री क्लिफर्डकडे वळली. तिला काहीतरी सांगायचं होतं, ते तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. उजव्या हातात फुलं होती. ती फुलं वर यायला लागली, हनुवटीपर्यंत आली, आणि तिथे थांबून तिने समोर आईकडे पाहिलं.

हॅनाने तिच्याकडे पाठ केली.

मागे भिंतीवर सरकारचं एक पत्रक चिकटवलेलं होतं. जास्त काम करा, जास्त माल परदेशी पाठवा, असं काहीतरी. हॅनाने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मान वळवायची इच्छा इतकी अनावर झाली की तिने कवळी घट्ट आवळून धरली. मग तिच्या उजव्या कानाला, जेमतेम चालणाऱ्या, मागून हसू ऐकू आलं. तोंड उघडून, दात काढून हसल्याशिवाय तसा आवाज निघत नाही. फोटोवाला म्हणाला, "झक्कास! असंच राहा!"

रविवारी राजकन्येला मुलगा झाला. सोमवारी साचेखात्यात दुसरा विषय नव्हता. पण फ्लॉरीला, जिच्या तोंडात आदल्याच आठवड्यात नवीकोरी कवळी आली होती आणि जी आता सगळे व अगदी ठासून उच्चारत होती, दुसरंच विचारायचं होतं.

"हवं तर शपथ घे, कुणाला सांगणार नाही," तिने मागावरून मीमॉ केलं. "पायरीवर काय म्हणाली गं ती नवऱ्याला? तू तर समोरच होतीस."

"दिसलं नाही," हॅना म्हणाली.

फ्लॉरीला वाटलं, आपलं उचलायला चुकलं. तिने कानाला हात लावला आणि पुन्हा सांग अशी खूण केली.

"दिसलं नाही," हॅनाने व्यवस्थित, एकेक अक्षर मांडून सांगितलं, आणि ती तुटलेला धागा जोडायला वाकली.